जुन्या डेस्कटॉपसाठी हलका प्लेअर निवडताना

लिनक्सवर हलका प्लेअर कोणता, असं विचारलं की उत्तर म्हणून बहुतेक वेळा मेमरीचा आकडा येतो. हा इतके एमबी खातो, तो त्याच्या तिप्पट खातो, म्हणून हा घ्या. आईसाठी घरात जुना डेस्कटॉप बसवला आणि त्यावरचा प्लेअर ठरवायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून माझं याबाबतीत पक्कं मत झालंय की मेमरीचा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. आपल्याकडच्या फाइली कसल्या आहेत, त्या उलगडायचं, म्हणजे दाबून साठवलेल्या फाइलीतून चित्र आणि आवाज काढायचं, काम मशीनमधला नेमका कुठला भाग करतोय आणि माउस कुणाच्या हातात असणार आहे, हे आधी पाहावं.

मशीन तिसऱ्या पिढीच्या इंटेल कोअर आय३ चं, म्हणजे २०१२ च्या सुमाराचं. मेमरी ४ जीबी, साधी फिरती हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एका ऑफिसनं नवे संगणक घेतले तेव्हा जुने विकायला काढले होते, त्यातलं हे एक. मॉनिटर, कीबोर्ड सगळं धडधाकट. अशी मशीनं भंगारात जाताना पाहिली की मला खरंच वाईट वाटतं, कारण गाणी ऐकायला, सिनेमा पाहायला, एखादं पत्र टाइप करायला त्यांच्यात काहीही कमी नसतं. त्यावर डेबियन १२ ही लिनक्सची एक आवृत्ती घातली आणि डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या आणि मेनू दाखवणारा भाग, म्हणून एक्सएफसीई.

फाइली मात्र नाना तऱ्हेच्या. नाट्यसंगीत आणि कीर्तनांची एमपी३, त्यातली बरीचशी कॅसेटवरून उतरवलेली. नात्यातल्या लग्नांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी. भाचरांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ. आणि आईला आवडतात म्हणून मल्याळम सिनेमे. त्यांची इंग्रजी सबटायटल्स तिला भरभर वाचता येत नाहीत, म्हणून काही सिनेमांची सबटायटल्स मी मराठीत टाइप केली आहेत. हे एवढं सगळं एकाच जुन्या मशीनवर, न अडखळता, आणि मी घरात नसताना चालायला हवं होतं.

डेबियनच्या एक्सएफसीईबरोबर व्हिडिओसाठी पॅरोल येतो. खिडकी नेटकी, बटणं मोजकी. तो स्वतः फाइल उलगडत नाही, ते काम जीस्ट्रीमर या वेगळ्या यंत्रणेकडे सोपवतो. जीस्ट्रीमरचे प्लगइन गुड, बॅड, अग्ली अशा नावांच्या गठ्ठ्यांत वाटलेले आहेत, आणि व्हिडिओ-आवाज उलगडणाऱ्या एफएफएमपेगला जोडून देणारा लिबएव्ही हा गठ्ठा वेगळा. हवा तो गठ्ठा नसला तर आवाज येतो आणि चित्र येत नाही, किंवा उलट. गठ्ठे घातल्यावर पॅरोलनं बहुतेक सगळं वाजवलं. मला अडलं ते दुसरीकडे. व्हिडिओ अडखळला तर तो का अडखळला, हे पॅरोल कुठेच दाखवत नाही. निवड करायची तर आत काय चाललंय ते दिसायला हवं होतं.

इथे थोडं आतलं सांगते. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं २००० साली एफएफएमपेग हा प्रकल्प सुरू केला. आज लिनक्सवरच्या जवळजवळ प्रत्येक प्लेअरच्या पोटात त्याच्याच लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, आहेत. व्हीएलसीत आहेत, एमप्लेअरमध्ये आहेत, एमपीव्हीत आहेत, आणि लिबएव्ही गठ्ठ्यातून पॅरोलपर्यंतही पोचल्या आहेत. एकाच गिरणीचं पीठ वेगवेगळ्या पिशव्यांत भरावं तसं हे आहे. त्यामुळे एका प्लेअरमध्ये एचडी व्हिडिओ अडखळतो आणि दुसऱ्यात नाही, असं कुणी म्हणालं तर फरक बहुधा उलगडण्याच्या कौशल्यात नसतो. ते काम प्रोसेसरवर होतंय की ग्राफिक्सच्या चिपवर, आणि उलगडलेलं चित्र पडद्यावर कसं टाकलं जातंय, फरक तिथे असतो.

व्हीएलसीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. १९९६ साली पॅरिसच्या एकोल सांत्रालमधल्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवता यावा म्हणून हे काम हाती घेतलं, आणि २००१ मध्ये ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुलं झालं. तुटकी, अर्धवट उतरलेली फाइलही तो सांभाळून घेतो. पण फिरत्या डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना जाणवण्याइतका वेळ घेतो, कारण त्याचे शेकडो छोटे मॉड्यूल आणि खिडक्या-बटणं काढणाऱ्या क्यूटीच्या लायब्ररी डिस्कवरून उचलाव्या लागतात. एकदा उघडला की पुढे काही त्रास नाही. नव्या, एसएसडीच्या मशीनवर मी कुणालाही डोळे झाकून व्हीएलसीच सांगेन.

मग एमपीव्ही. याचं घराणं जुनं. २००० साली हंगेरीत सुरू झालेला एमप्लेअर, त्याची एक फांदी एमप्लेअर२, आणि या दोघांचा जुना पसारा झाडून २०१२ पासून उभा राहिलेला एमपीव्ही. उघडला की मेनू नाही, टूलबार नाही. काळी खिडकी, आणि माउस हलवला तर खाली एक पट्टी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला यात काही नाहीच असं वाटतं.

मला तो पटला तो एका कीमुळे. व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवरचा आय दाबला की पडद्यावरच माहिती येते. फाइल कुठल्या कोडेकची (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), किती फ्रेमची, किती फ्रेम गळल्या, आणि उलगडायचं काम हार्डवेअर करतंय का. शिफ्ट धरून दाबला तर ती माहिती तशीच राहते. एच.२६४ या कोडेकमधला १०८० रेषांचा एक सिनेमा लावला आणि शेजारच्या खिडकीत प्रोसेसर आणि मेमरीचा वापर दाखवणारा टॉप हा प्रोग्राम चालू ठेवला. एमपीव्ही मूळ सेटिंगमध्ये हार्डवेअरची मदत घेतच नाही, सगळं प्रोसेसरवर करतो. तेव्हा प्रोसेसरच्या एका थ्रेडचा अर्ध्याहून जास्त वेळ त्यातच जात होता आणि पंख्याचा आवाज वाढला होता. मग सिनेमा चालू असतानाच कंट्रोल आणि एच दाबलं. या जोडीनं हार्डवेअरची मदत चालू-बंद होते. माहितीत व्हीए-एपीआय हे हार्डवेअरची मदत मिळवून देणाऱ्या सोयीचं नाव उमटलं, टॉपमधला आकडा झरझर खाली आला आणि थोड्या वेळानं पंखाही शांत झाला. प्लेअर तोच, फाइल तीच, मेमरीही जवळपास तेवढीच. हलकेपणा इथे होता.

आपली चिप काय काय उलगडू शकते, हे व्हीए-इन्फो या छोट्या कमांडनं कळतं. माझ्या मशीनच्या यादीत एमपेग-२, एच.२६४ आणि व्हीसी-१ निघाले. म्हणजे डीव्हीडी आणि बहुतेक सिनेमे यांची सोय झाली. ड्रायव्हर वेगळा घालावा लागला नाही. डेबियन इंटेलचे जुने आणि नवे दोन्ही व्हीए ड्रायव्हर आपणहून बसवतं, आणि या चिपला त्यातला जुना, आय९६५ नावाचा, चालतो.

यादीत नव्हता तो एचईव्हीसी, ज्याला एच.२६५ ही म्हणतात. हा कोडेक २०१३ चा, चिप त्याआधीची. इंटेलच्या चिपमध्ये त्याची पूर्ण सोय २०१५ च्या सहाव्या पिढीपासून आली. आणि भाचरांचे मोबाइल नेमके त्यातच व्हिडिओ काढतात, तेही ४के मध्ये. असा व्हिडिओ लावला की आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहतं, आयच्या पडद्यावर गळलेल्या फ्रेमचा आकडा वाढत जातो. हे व्हीएलसीत झालं, पॅरोलमध्ये झालं, एमपीव्हीतही झालं. इथे प्लेअर बदलण्यात अर्थच नव्हता. मार्ग दोन होते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात जाऊन जास्त सुसंगत फाइल मिळेल असं सेटिंग निवडायचं, किंवा आलेली फाइल एफएफएमपेगनं ७२० रेषांच्या एच.२६४ मध्ये बदलून घ्यायची. पहिलं मी भाचरांना शिकवलं. दुसऱ्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट केली. एका फोल्डरमध्ये फाइली टाकायच्या आणि रात्री मशीन चालू ठेवायचं. या मशीनवर रूपांतर सावकाश होतं, पण रात्रीला घाई नसते.

मेमरीचा विषय इथेच संपवते. टॉपमध्ये व्हर्ट नावाचा रकाना असतो, त्यात कुठल्याही प्लेअरसमोर भलामोठा आकडा दिसतो आणि लोक तो पाहून दचकतात. तो प्रोग्रामनं नावावर घेतलेला पत्ता असतो, प्रत्यक्षात वापरलेली मेमरी नव्हे. पाहायचा तो रेस हा रकाना, आणि त्यातलाही एसएचआर एवढा भाग बाकीच्या प्रोग्रामांबरोबर वाटून घेतलेला असू शकतो. ४ जीबीच्या मशीनवर ब्राउझर बंद असेल तर यातला कुठलाही प्लेअर सुखानं मावतो. दोन टॅब उघडे राहिले तर मात्र सगळ्या प्लेअरांमधला फरक त्यातच वाहून जातो.

तर एमपीव्ही माझ्यासाठी ठरला. आईसाठी ठरला नाही. तिनं माउस हलवला, पट्टी आली. तिनं चष्मा सारखा केला, तोवर पट्टी गेली.

“अगं, थांबवायचं बटण आत्ता तर होतं इथे.”

“आई, स्पेसबार दाब ना, तो मोठा आहे.”

“मला दिसायला हवं बटण. मी काय काय लक्षात ठेवू?”

तिचं म्हणणं रास्त होतं. बटण डोळ्यांसमोर असणं ही तिच्यासाठी सोयीची नव्हे, गरजेची गोष्ट आहे. म्हणून एसएमप्लेअर घातला. हा नुसता दर्शनी भाग आहे, आत एमपीव्हीच वेगळी प्रक्रिया म्हणून चालतो. सेल्युलॉइडही याच जातीचा. लिनक्स मिंटनं १९.३ या आवृत्तीत आपला आधीचा प्लेअर काढून त्यालाच जागा दिली होती, आणि तो एक्सएफसीईवर शोभून दिसतो. तरी मी एसएमप्लेअर ठेवला, कारण त्यात बटणं कायम समोर राहतात, त्यांचा आकार वाढवता येतो, आणि प्रत्येक फाइल कुठे सोडली होती हे तो मूळ सेटिंगमध्येच लक्षात ठेवतो. हार्डवेअरची मदत त्याच्या पसंतीच्या खिडकीत, परफॉर्मन्स या भागात जाऊन चालू करावी लागते. ते केल्याशिवाय पुन्हा सगळा भार प्रोसेसरवर येतो. वरच्या कवचामुळे मेमरी थोडी जास्त लागते. आईला मला हाक मारावी लागत नाही, यापुढे तो आकडा मला अगदी क्षुल्लक वाटतो.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधीही जाते, आणि हे मशीन यूपीएसवर नाही. सोडलेली जागा लक्षात ठेवण्याची एमपीव्हीची सोय प्लेअर नीट बंद केला तरच कामाला येते, वीज गेल्यावर नाही. म्हणून मी त्याच्या इनपुटच्या फाइलमध्ये एका कीला जागा लिहून ठेवण्याचा हुकूम जोडला आहे, आणि आभाळ भरून आलं की सिनेमा पाहता पाहता ती की अधूनमधून दाबते.

देवनागरी सबटायटल्सची मला सगळ्यात जास्त काळजी होती, आणि ती सगळ्यात लवकर मिटली. एमपीव्ही सबटायटल लिबास या लायब्ररीकडून काढून घेतो, ती अक्षरं जुळवायला हार्फबझ वापरते, त्यामुळे जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी जिथल्या तिथे बसतात. अट दोनच. फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीत साठवलेली हवी, आणि मशीनवर देवनागरीचा बरा फाँट हवा. मी नोटो सान्स देवनागरी घातला, सेटिंगच्या फाइलमध्ये त्याचं नाव लिहिलं आणि अक्षराचा आकार वाढवला. ‘लक्ष्मीच्या स्वयंपाकघरात’ अशी ओळ मुद्दाम पहिली चाचणी म्हणून लावली होती. क्ष्मी आणि स्वयं दोन्ही नीट उमटले तेव्हा मी आईला बोलावून दाखवलं. सबटायटलची फाइल सिनेमाच्याच नावाची ठेवली की ती आपोआप लागते, आणि संवाद मागेपुढे झाले तर झेडनं दर दाबाला ०.१ सेकंद असं सरकवता येतं. मराठी सबटायटल्स करणाऱ्या प्रत्येकानं हे वापरून पाहावं असं मला मनापासून वाटतं. पडद्यावर आपली लिपी अशी नीट उमटलेली पाहिली की टाइप करण्याचे कष्ट जाणवत नाहीत.

गाण्यांसाठी निकष वेगळा लागला. सगळ्यात हलका म्हणून सीमस पाहिला. तो टर्मिनलमध्येच, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतच, चालतो, प्रोसेसरला त्याची चाहूलही लागत नाही. पण एक्सएफसीईचं टर्मिनल प्रत्येक अक्षर ठरावीक चौकटीत बसवतं, आणि देवनागरी तशी बसत नाही. जोडाक्षरं हलन्तासकट तुटून दिसू लागली, गाण्यांची नावं वाचवेनात. इंग्रजी नावांच्या संग्रहाला सीमस उत्तम आहे. माझ्या संग्रहाला तो लागू पडला नाही. डेबियनबरोबर येणारा क्वॉड लिबेट शोधायला फार चांगला आहे, मात्र तो पायथनमध्ये लिहिलेला असल्यानं या डिस्कवर उघडायला रेंगाळतो. शेवटी ऑडेशस राहिला. एक्सएमएमएस या जुन्या प्लेअरपासून बीप मीडिया प्लेअर, आणि त्यातून २००५ च्या सुमाराला निघालेली ही शाखा. चटकन उघडतो, याद्या टॅबमध्ये ठेवतो, आणि ज्यांचा हात जुन्या विनॅम्प प्लेअरवर बसलाय त्यांना तसं रूपही देतो. कीर्तनांची एक यादी, नाट्यपदांची एक, आणि आईनं आपणहून केलेली ‘सकाळची’ म्हणून एक.

पण जुन्या एमपी३ मधली नावं कुठल्याच प्लेअरमध्ये नीट दिसत नव्हती. पूर्वी मराठी टाइप करायच्या ज्या फाँटपद्धती होत्या, त्यांत अक्षरांचे संकेतांक रोमन चिन्हांचेच असत आणि फाँट घातला तरच ती मराठी दिसत. ती नावं तशीच टॅगमध्ये, म्हणजे फाइलीच्या आतल्या नोंदीत, भरलेली, त्यामुळे आज त्या जागी उलटसुलट चिन्हांची रांग दिसते. ऑडेशसमध्ये अक्षरसंच ओळखण्याचं सेटिंग आहे, पण इथे ते उपयोगाचं नाही, कारण हा अक्षरसंच असा कधी नव्हताच. क्वॉड लिबेटबरोबर एक्स फाल्सो नावाचा टॅग दुरुस्त करणारा प्रोग्राम येतो, त्यानं हे काम सोपं केलं. फाइलचं नाव ‘गायक - पद’ असं देवनागरीत लिहायचं आणि त्यावरून टॅग भरायला सांगायचं. एका फोल्डरचं काम एका दमात होतं. फाइलींची नावं लिहिण्याचं काम मात्र माणसालाच करावं लागतं, आणि ते आई करते आहे. कुठलं पद कुठल्या नाटकातलं हे तिला पाठ आहे, मला नाही.

लग्नांच्या तबकड्यांचं काम मला वाटलं होतं त्याहून चिवट निघालं. व्हीसीडी ड्राइव्हमध्ये घातली की फोल्डर दिसतो, त्यात व्हिडिओची डॅट फाइल दिसते, पण कॉपी करायला गेलं की इनपुट-आउटपुट एरर. तबकडी खराब झालीये असं वाटतं, आणि कितीतरी घरांतून या तबकड्या त्यामुळेच फेकल्या गेल्या असतील. बऱ्याचदा तबकडी चांगली असते. डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट असतात, व्हीसीडीच्या व्हिडिओच्या सेक्टरमध्ये २३२४, आणि लिनक्सची नेहमीची कॉपी पहिल्याच हिशेबानं वाचते. व्हीएलसीला डिस्क उघडायला सांगून त्यात व्हीसीडी निवडली की तो थेट वाजवतो. कायमची फाइल हवी असेल तर व्हीसीडी-इमेजर या पॅकेजमधली काढून घेणारी कमांड आहे. या एका कामासाठी व्हीएलसी मशीनवर राहिला आणि राहील. चित्र ३५२ गुणिले २८८ एवढंच, धूसर, पण त्यात आजी चालताबोलताना दिसते, आणि तिचं दुसरं चलचित्र आमच्याकडे नाही.

डीव्हीडींचं तसं नाही, त्या सरळ कॉपी होतात. फक्त चित्र एकाआड एक रेषांनी नोंदलेलं असतं, त्यामुळे कुणी हात हलवला की बोटांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. एमपीव्हीत डी दाबलं की ते जातात. अक्षता टाकण्याच्या जागी थांबून मी हे चालू-बंद करून पाहिलं. आधी नुसते पांढरे ओरखडे होते, नंतर तांदूळ वेगवेगळे दिसायला लागले.

आता मशीनवर चार प्लेअर आहेत. एमपीव्ही, त्यावरचा एसएमप्लेअर, ऑडेशस आणि तबकड्यांपुरता व्हीएलसी. पॅरोल काढला. व्हिडिओच्या फाइलीवर दोनदा क्लिक केलं की एसएमप्लेअर आणि गाण्याच्या फाइलीवर ऑडेशस, असं जोडून ठेवलंय. एमपीव्हीच्या सेटिंगच्या दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर उतरवून ठेवल्यात, पुढच्या डेबियनवर जाताना त्या तशाच घालता येतील. फिरती डिस्क काढून एसएसडी घालायचं मनात आहे. ती आली की क्वॉड लिबेट पुन्हा एकदा लावून पाहणार आहे, कारण आईनं नावं भरून संपवली की तिला नाटकाच्या नावानं पदं शोधायची असतील.